पान ताटलीत, पचन उन्हात

हिरव्या इग्वानाचं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू तळहातावर सहज मावतं. वजन जेमतेम १२ ग्रॅम, रंग कोवळ्या पानासारखा पोपटी आणि धडाच्या दुपटीहून लांब शेपटी. हेच पिल्लू नीट वाढलं तर दीड ते दोन मीटरचं होतं आणि १५-२० वर्षं जगतं. 'नीट वाढलं तर' असं मुद्दाम लिहितोय, कारण पाळलेली कित्येक पिल्लं वर्षभरातच दगावतात. आणि जीव हळहळतो तो या गोष्टीने, की त्यांतली बरीच उपाशी नसतात. समोर रोज ताजा पाला असतो, ती खातही असतात. पण खाल्लेलं अंगी लागायला लागतं काय, हे घरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, दमट जंगलांतला झाडावरचा सरडा. तो जन्मापासून मरेपर्यंत मुख्यतः पानं खाऊन जगतो, आणि सरड्यांच्या जगात ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. बहुतेक सरडे किडे-मुंग्यांवर जगतात, कारण पान पचवणं अवघड असतं. पानातल्या तंतूंचं कवच फोडणारं रसायन कुठल्याच सरड्याचं शरीर स्वतः बनवत नाही. गाय जे काम पोटात ठेवलेल्या जिवाणूंकडून करवून घेते, ते इग्वाना मोठ्या आतड्यात करवून घेतो. तिथे पडदे असलेले कप्पे असतात. पाला तिथे अडून राहतो, जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या आम्लांवर इग्वानाची बरीचशी गुजराण होते.

मग अंड्यातून निघालेल्या पिल्लाकडे हे जिवाणू येतात कुठून? आई तर अंडी मातीत पुरून निघून गेलेली असते. हे कोडं कॅथरिन ट्रॉयर या संशोधिकेने पनामात सोडवलं. १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तिचं काम छापून आलं. पिल्लं आधी घरट्याच्या बिळातली माती खातात. मग झाडांवर चढून मोठ्या इग्वानांच्या आसपास राहतात आणि त्यांची विष्ठा खातात. मातीतून काही जिवाणू मिळतात, पण पानं आंबवणारा पुरता गोतावळा मिळतो तो मोठ्यांच्या विष्ठेतूनच. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण मला तरी हा वारसा फार हृद्य वाटतो. आई भेटत नाही, तरी आतडं चालवण्याची पुंजी पुढच्या पिढीच्या हाती पडते.

पिंजऱ्यातल्या पिल्लाला ही सोबत नसते. पण म्हणून कुठल्याही मोठ्या इग्वानाची विष्ठा आणून द्यायची नाही, त्यातून जंत आणि परजीवीही येतात. आपल्या हातात राहतं ते एवढंच, की त्याच्या आतड्यात जे जिवाणू आहेत त्यांना योग्य पाला आणि योग्य ऊब मिळत राहील हे पाहणं.

एक जुना गैरसमज इथेच खोडायला हवा. पूर्वी अनेकांना वाटायचं की पिल्लं वाढीच्या वयात किडे खातात आणि मोठी झाल्यावर पाल्याकडे वळतात. त्यामुळे वाढीसाठी म्हणून पिल्लांना अळ्या, अंडं, मांस, अगदी कुत्र्या-मांजरांचं खाणंही दिलं गेलं. वाढ झपाट्याने होते खरी, पण मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. सरडे प्रथिनांचा कचरा मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. तो मूत्रपिंडांना आवरेनासा झाला की त्याचे खडे आतल्या अवयवांवर आणि सांध्यांत साचतात. जंगलातल्या पिल्लांनाही मोठ्यांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, पण ती त्यांना कोवळ्या पानांतून मिळतात. अंडी फुटण्याची वेळही साधारण पावसाळ्याच्या तोंडाशी येते, तेव्हा झाडं कोवळ्या पालवीने भरलेली असतात.

ताटलीत म्हणून मुख्य भाग गडद हिरव्या पाल्याचा असावा. मोहरीची पानं, सलगमचा पाला, डँडेलियन या रानभाजीची, तुतीची आणि जास्वंदीची पानं चालतात. जास्वंदीची लाल फुलं तर पिल्लं हावरटासारखी खातात. जोडीला थोडा किसलेला लाल भोपळा आणि बारीक चिरलेली फरसबी. फळ मात्र चवीपुरतंच. पालेभाजी निवडताना एक हिशोब डोक्यात ठेवावा, तो म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं. केळ्यात हे गणित उलटं असतं. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलंच ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. कोबीवर भर दिला तर त्यातली द्रव्यं थायरॉइडच्या कामात आडवी येतात. फिकट सॅलडच्या पानांत पाण्याखेरीज फारसं काही नसतं, आणि पिल्लं नेमकी त्यालाच चटावतात. ॲव्होकाडो अजिबात देऊ नये.

पाला अगदी बारीक चिरायचा, कारण इग्वाना घास चावून खात नाही. पिल्लू आधी मान पुढे करून पानाला जिभेचं टोक लावतं, क्षणभर थांबतं, मग तोंडाच्या कडेने पान धरून डोक्याला एक झटका देतं आणि फाटलेला तुकडा तसाच गिळतं. त्याचे दात पाहायचे तर भिंग हवं. चपटे, पानाच्या आकाराचे आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेले. याच दातांमुळे १८२५ मध्ये गिडियन मँटेल या इंग्रज डॉक्टरने एका अजस्र जीवाश्माचं नाव 'इग्वानोडॉन' ठेवलं. सापडलेले दात इग्वानाच्या दातांसारखेच होते, फक्त आकाराने कितीतरी मोठे. डायनासोरांना मिळालेल्या सुरुवातीच्या नावांपैकी हे एक.

आता उबेकडे येतो, कारण खरी चूक इथे होते. इग्वाना अंगची ऊब स्वतः तयार करत नाही आणि त्याच्या आतड्यातले जिवाणू गारठ्यात काम करत नाहीत. जंगलातला इग्वाना उन्हात बसून अंगाचं तापमान ३६ अंशांच्या आसपास नेतो आणि तेवढ्यावर पचन रंगतं. पिंजऱ्यात याचा अर्थ असा, की एका फांदीवर, दिव्याच्या खाली, ३५ ते ३८ अंशांची जागा हवी आणि दुसऱ्या टोकाला २७-२८ अंशांचा गारवा हवा. कुठे बसायचं ते पिल्लू ठरवतं. रात्री दिवे बंद असावेत, पण तापमान २२-२३ अंशांच्या खाली उतरू देऊ नये. हे आकडे हाताने अजमावता येत नाहीत. फांदीच्या उंचीवर थर्मामीटर लावावा लागतो, पिंजऱ्याच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला नाही.

खाण्याची वेळही उबेवर बांधलेली आहे. सकाळी दिवे लागले की तासभर पिल्लू ऊब घेतं, मग खातं, मग पुन्हा फांदीवर जाऊन पोट टेकतं. खाल्ल्यानंतरचे हे तास म्हणजेच त्याचं खरं जेवण. संध्याकाळी, आपल्याला सवड असते म्हणून, उशिरा पाला दिला आणि लगेच दिवे मालवले, तर तो पाला रात्रभर थंड पोटात पडून राहतो. गरम होणारे दगड विकत मिळतात, ते आणूच नयेत. इग्वाना ऊब वरून घेणारा प्राणी आहे. पोटाखालचा चटका त्याला वेळेवर कळत नाही आणि कातडी भाजून निघते.

ऊब मिळाली तरी अर्धंच काम होतं. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारे यूव्हीबी किरण असतात. ते कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्वाचं कच्चं रूप तयार होतं. अंगाच्या उबेने त्याचं डी-३ बनतं, पुढे यकृतात आणि मूत्रपिंडांत त्यावर संस्कार होतात, आणि मग कुठे आतडं पाल्यातलं कॅल्शियम उचलू लागतं. ही साखळी सुरुवातीलाच तुटली तर कॅल्शियमची भुकटी कितीही भुरभुरली तरी ती विष्ठेतून निघून जाते. खिडकीतून येणारं ऊन इथे फसवतं. पिल्लू छान उन्हात पहुडलेलं दिसतं, पण काच यूव्हीबी अडवते. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा खास यूव्हीबी दिवा लागतो, तोही मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, दिवसाचे १२ तास. दिवा उजेड देत राहतो, पण त्याची यूव्हीबी काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. बाहेरचं खरं ऊन मिळालं तर उत्तमच. मात्र जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीच्या कोपऱ्यासह आणि कुणीतरी जवळ बसून. काचेच्या टाकीत घालून उन्हात ठेवलेलं पिल्लू थोड्याच वेळात उष्म्याने मरतं.

कॅल्शियम कमी पडलं की शरीर काय करतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रक्तातलं कॅल्शियम एका पातळीखाली गेलं तर स्नायू आणि हृदय चालत नाही. म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत राहतात. हाडं पोकळ होतात आणि ती जागा तंतुमय ऊतींनी भरते. बाहेरून दिसतं ते असं: मांड्या भरदार, टणक, गुटगुटीत. घरचे कौतुकाने म्हणतात, बघा कसं बाळसं धरलंय. पण पाठीचा कणा आणि कंबरेची हाडं वर आलेली असतात. एवढ्या हडकुळ्या अंगाला असल्या मांड्या येतात कुठून? निरोगी पिल्लाचा खालचा जबडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर हाड लागतं. या पिल्लाचा जबडा रबरासारखा दबतो. पुढे बोटं थरथरतात, चालताना पोट उचलत नाही, आणि साध्या उडीत पाय मोडतो. लवकर लक्षात आलं तर पशुवैद्य यातून पिल्लाला बाहेर काढू शकतात, पण वाकडी झालेली हाडं सहसा सरळ होत नाहीत.

काचेवर पांढरे शिंतोडे दिसले तर मात्र घाबरू नये. इग्वानाच्या नाकात मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते. पानांतून येणारं जास्तीचं पोटॅशियम आणि सोडियम तो शिंकून टाकतो आणि पाणी वाचवतो. ते वाळून नाकपुड्यांभोवती पांढरी खरपुडी धरते. पुसली की झालं.

पाणी पिल्लू वाडग्यातून पितंच असं नाही, पानांवरचे थेंब चाटायची त्याची जात आहे. म्हणून पाला ओलाच द्यावा, दिवसातून दोन-तीनदा फांद्यांवर पाणी फवारावं आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. पिंजऱ्याच्या तळाशी साधा कागद उत्तम. वाळू किंवा भुसा पाल्याबरोबर पोटात जातो आणि आतडं तुंबवतो.

हाताळण्याबद्दल थोडंसं. पिल्लाच्या टाळूवर मधोमध एक फिकट, मोत्यासारखा खवला दिसतो. तो तिसरा डोळा आहे. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून आलेली सावली म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारा पक्षी. तेव्हा हात नेहमी बाजूने, त्याला दिसेल असा न्यावा आणि पोटाखालून आधार द्यावा. शेपटी धरली तर ती सुटून हातात राहते. पिल्लाला नवी फुटते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची दांडी असते आणि रंगही वेगळा असतो. कुरवाळताना त्याने डोळे मिटले की लोकांना वाटतं, त्याला आवडतंय. बहुतेक वेळा तो नको असलेली गोष्ट दृष्टीआड करत असतो. अशा वेळी हात काढून घ्यावा, पुन्हा उद्या. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत, कारण धडधाकट इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती पिल्लू देऊच नये.

नवीन घरी आलेलं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही, लपून बसतं. तेवढ्याने धीर सोडू नये. फांद्यांत पानांचा आडोसा करून द्यावा, पाला ठेवावा आणि समोर फार वेळ उभं राहू नये. दर आठवड्याला एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर त्याचं वजन करून वहीत लिहावं. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लगेच परत बसली नाही, किंवा लागोपाठ दोन आठवडे आकडा उतरला, तर पिल्लाबरोबर ती वहीही पशुवैद्याकडे न्यावी, आणि यूव्हीबीचा दिवा कधी बसवला ती तारीखही त्यातच लिहिलेली असावी.