सोलापुरात स्काऊटर किंवा गाईडर व्हायचंय? अर्ज, कागदपत्रं, प्रशिक्षण आणि मुलांची सुरक्षितता

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या की मला फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, आमच्या शाळेत स्काऊट-गाईड सुरू करायचंय, गणवेश आणि स्कार्फ कुठे मिळतील?" मी उलट विचारते, पथक सांभाळणार कोण? तिथे बोलणं अडतं. "बघू की, कुणालातरी देऊ जबाबदारी," असं उत्तर येतं. हा लेख त्या "कुणालातरी"साठी आहे, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसासाठी, ज्याला स्काऊटर किंवा गाईडर म्हणतात. मग तुम्ही जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक असा, निवृत्त झालेले असा, नाहीतर लहानपणी स्काऊट होतात आणि आता वेळ द्यावासा वाटतोय असे पालक असा.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडची संघटना तिच्यात सामील झाली. काम राज्य, जिल्हा आणि स्थानिक संस्था अशा उतरंडीने चालतं. तुमचा संबंध मुख्यतः सोलापूर जिल्हा संस्थेशी येणार. तिथे जिल्हा संघटक भेटतात, तेच तुमचा पहिला दरवाजा. एजंट किंवा मध्यस्थ यात कुठेच नाही.

कोण होऊ शकतं

वय १८ वर्षे पूर्ण हवं आणि स्काऊट वचन व नियम मनापासून मान्य हवेत. वचनात ईश्वराचा उल्लेख आहे, त्या जागी "धर्म" हा शब्द घेण्याची मुभा आहे. काम स्वयंसेवी आहे, मानधन नाही. संघटना राजकारणापासून अलिप्त आहे, त्यामुळे गणवेशात कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठावर जाता येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत मुलांना झेंडे धरायला पाठवा म्हणून गळ घातली जाते, तेव्हा नकार द्यायचं काम तुमचं असतं.

कुठल्या विभागात काम करायचं ते आधी ठरवा, कारण पुढचं प्रशिक्षण त्यावर ठरतं. कब (मुलगे) आणि बुलबुल (मुली) म्हणजे साधारण ५ ते १० वर्षांची मुलं, स्काऊट (मुलगे) आणि गाईड (मुली) १० ते १७, रोव्हर-रेंजर पंधरा-सोळापासून २५ पर्यंत. कबमास्टर, फ्लॉक लीडर, स्काऊटमास्टर, गाईड कॅप्टन ही त्या त्या विभागाच्या प्रमुखांची पदनामं. गाईड आणि बुलबुलचं पथक महिलाच सांभाळते. कब मुलांसाठी मात्र महिलाही चालते, आणि माझ्या मते लहान मुलांना ती अनेकदा जास्त मानवते.

अर्ज कसा जातो

शाळेतलं पथक असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्राने सुरुवात होते. पत्रात पथक सुरू करायला शाळेची संमती आहे आणि अमुक व्यक्तीला नेता म्हणून नेमतो आहोत, एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं. खासगी संस्थेची शाळा असेल तर संस्थेचा ठराव सोबत जोडा, नंतर व्यवस्थापन बदललं की त्याची किंमत कळते. शाळेबाहेर वस्तीतल्या मुलांसाठी मुक्त पथकही काढता येतं. तिथे मुख्याध्यापकांच्या जागी स्थानिक जबाबदार लोकांची समिती असते.

अर्जासोबत ओळखपत्र (आधार चालतं), वयाचा पुरावा, शिक्षणाचं शेवटचं प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचे फोटो, नेमणुकीचं पत्र आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला एवढं तयार ठेवा. दाखला सिव्हिलमधून घ्या किंवा नोंदणीकृत डॉक्टरांकडून, पण तो खरा तपासून घ्या. पुढे प्रशिक्षणात सात दिवस तंबूत राहायचं आहे. रक्तदाब, मधुमेह लपवून गेलेली माणसं तिसऱ्या दिवशी आडवी झालेली मी पाहिली आहेत.

संघटनेची नोंदणी आता ओवायएमएस या ऑनलाइन प्रणालीवर होते. तिथे तुमच्या नावाने एक क्रमांक पडतो, तो जपून ठेवा. पुढे प्रशिक्षण, पथकाची नोंदणी, मुलांची नोंद हे सगळं त्या क्रमांकाला जोडलं जातं. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दप्तरातलं नाव यांत फरक असेल तर तो आधी मिटवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बहुतेक शिक्षिका इथेच अडकतात.

आता चारित्र्य पडताळणी. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शाळांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल शासन निर्णय काढला, त्यात कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीसह सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समितीवर (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) भर आहे. बाहेरून येणारा स्वयंसेवक शाळेचा कर्मचारी नसतो, म्हणून त्याचा कागद कुणी मागत नाही. पण तो मुलांसोबत रात्रीचा राहणार असतो! तेव्हा कुणी मागो न मागो, तुम्ही स्वतः दाखला काढा आणि अर्जाला जोडा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा देऊन, शुल्क भरून अर्ज करता येतो. शहरात राहत असाल तर तो सोलापूर पोलीस आयुक्तालयाकडे जातो, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, माढा अशा तालुक्यांत असाल तर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. तुमच्या भागातलं ठाणं चौकशी करतं. काही जणांना हा अपमान वाटतो. "वीस वर्षं शिकवतोय, माझी पडताळणी?" मी त्यांना सांगते की तो दाखला पालकांसाठी आहे. ज्या आईने तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही, तिच्यासाठी.

प्रशिक्षण

सुरुवातीला ओळखीचं छोटं प्रशिक्षण होतं, त्यानंतर बेसिक कोर्स. तो सात दिवसांचा आणि निवासी असतो. शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडून कार्यमुक्तीचं पत्र घेतल्याशिवाय निघू नये, नाहीतर रजेचा घोळ होतो. कोर्स तुमच्याच विभागाचा असायला हवा. कबसाठी वेगळा, स्काऊटसाठी वेगळा, गाईडसाठी वेगळा.

तिथे पन्नाशीचे गुरुजी सहा-सात जणांच्या संघात विभागले जातात, संघनायक निवडला जातो आणि पहाटेपासून तुम्ही मुलांसारखे जगता. तंबू ठोकायचा, भांडी घासायची, तपासणीला रांगेत उभं राहायचं. क्लोव्ह हिच, बोलाईन, रीफ नॉट या गाठी शिकता, नकाशा, अंदाज, प्रथमोपचार, शेकोटीचे कार्यक्रम होतात. पण खरा धडा संघपद्धतीचा आहे. मोठ्याने सगळं स्वतः करायचं नाही, सहा ते आठ मुलांचा संघ आणि त्यांचा संघनायक यांच्यावर काम सोडायचं आणि आपण नजर ठेवायची. शाळेत खडू हातात धरून चाळीस मुलांना गप्प बसवायची सवय झालेल्या माणसाला हे फार जड जातं. मला तर चौथ्या दिवशी उमगलं. आमच्या संघाची चूल पेटेना, मी उठून फुंकणी घ्यायला गेले. प्रशिक्षिकेने नुसती मान हलवली. मी बसले. दहा मिनिटं धूर, मग चूल पेटली. मी हात घातला असता तर संघातल्या कुणालाही ती पेटवता आली नसती.

बेसिकनंतर पथक प्रत्यक्ष चालवायचं, नेमून दिलेलं काम पुरं करायचं, मग सात दिवसांचा ॲडव्हान्स्ड कोर्स, आणि त्यापुढे हिमालय वुड बॅज. चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी, हीच त्याची खूण. या परंपरेतला पहिला कोर्स सप्टेंबर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला झाला. आपल्याकडे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे.

जोडीला जागतिक स्काऊट संघटनेचा "सेफ फ्रॉम हार्म" हा मुलांच्या संरक्षणावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम करा. मोबाईलवर होतो, प्रमाणपत्र मिळतं.

प्रशिक्षण झालं आणि जिल्ह्याची शिफारस झाली की वॉरंट मिळतं, म्हणजे नेता म्हणून काम करण्याचं अधिकृत पत्र. वॉरंट कायमचं नसतं आणि ते संघटनेचं असतं, तुमचं नाही. पद सोडलं की परत करायचं. पथकाची नोंदणी दरवर्षी शुल्क भरून नवी करावी लागते. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, पाच रुपयांची सुद्धा नोंद हवी.

शिबिराचे कागद, आणि एक रात्र

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवासी शिबिरात दुसऱ्या रात्री एका मुलीला फिट आली. बाकीच्या मुली किंचाळत बाहेर पळाल्या, कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल. आम्ही तिला कुशीवर वळवलं, गळ्यातला स्कार्फ सैल केला, डोक्याखाली घडी केलेली चादर सरकवली, तोंडात काही घातलं नाही आणि घड्याळ लावलं. दोनेक मिनिटांत झटके थांबले. (पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ ला फोन, वाट बघत बसायचं नाही.) सकाळी तिचा फॉर्म काढला. "आजार: नाही". सगळ्या मुलींच्या फॉर्मवर एकाच शाईने, एकाच अक्षरात तेच. शाळेत कुणीतरी एका बैठकीत चाळीस फॉर्म भरून टाकले होते. घरी विचारलं तर तिची गोळी रोजची होती, ती बरोबर दिलीच नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून संमतीपत्र मी पालकांसमोर बसून भरते. सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. पूर्वभागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. एका मुलीची आई विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, हात थांबत नव्हते. मराठी फॉर्मवर ती सरळ अंगठा उठवायला निघाली. मी शेजारच्या नववीतल्या मुलीला बोलावून प्रत्येक ओळ तेलुगूत सांगायला लावली. "रात्री झोपेत उठून चालते" हे तेव्हा बाहेर आलं. फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता, आम्ही समासात लिहिलं.

संमतीपत्रात ठिकाण, तारखा, सोबतच्या मोठ्या माणसांची नावं, औषधं, ॲलर्जी, रक्तगट आणि दोन फोन नंबर हवेत. एक नंबर शेजाऱ्याचा घ्या, घरचा बंद असतो तेव्हा तोच लागतो. शाळेची आणि शिक्षण विभागाची परवानगी आधी घ्या, जवळच्या पोलीस ठाण्याला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, पोच घ्या. फॉर्मची एक प्रत शिबिरावर, एक शाळेत.

काही गोष्टींवर मी तडजोड करत नाही. कुठल्याही मुलासोबत एकच मोठं माणूस बंद जागेत थांबणार नाही, ना तंबूत, ना ऑफिसात, ना दुचाकीवर. कमीत कमी दोन मोठी माणसं कायम. मुलींच्या पथकासोबत महिला नेता असल्याशिवाय गाडी सुटणार नाही. मोठ्यांचा तंबू वेगळा. मुलांशी खासगी चॅट नाही, जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. शिक्षा म्हणून उठाबशा नाहीत, उपाशी ठेवणं नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. आणि उजनीच्या पाणलोटात किंवा कुठल्याही विहिरीत पोहणं नाही, कितीही हट्ट झाला तरी.

मुलाने काही सांगितलं तर

हा भाग नीट वाचा. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे पोक्सो, १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. कलम १९ नुसार असा गुन्हा झाल्याची माहिती किंवा होण्याची भीती असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

म्हणजे "आधी आपल्यात बसून बोलू", "शाळेचं नाव जाईल" या वाक्यांना इथे जागा नाही. चौकशी करणं तुमचं काम नाही. मूल बोलतंय तेवढं शांतपणे ऐका, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा. त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग जवळचं पोलीस ठाणं किंवा ११२. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास आहे. मुलाचं नाव कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये, ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. पथकाच्या पहिल्या आठवड्यातच मुलांना १०९८ पाठ करून घ्या, वचन आणि नियमांच्या बरोबरीने.

पालक वाचत असाल तर तुम्हालाही हक्क आहे. मुलाला पाठवण्याआधी नेत्याचं वॉरंट किंवा नेमणुकीचं पत्र, बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र आणि या वर्षीची पथकनोंदणी दाखवा म्हणा. चांगला स्काऊटर त्याने दुखावत नाही, तो फाईल काढून समोर ठेवतो.

वेळेचं गणित

जून-जुलैत शाळेचं पत्र, नोंदणी आणि पोलिसांकडचा अर्ज उरकून घ्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास कोर्स मिळतो का ते जिल्हा संघटकांकडे आधीच विचारून नाव देऊन ठेवा, जागा भरतात. पहिलं निवासी शिबिर डिसेंबरमध्ये घ्या, किंवा गड्ड्याची यात्रा (सोलापुरातली सिद्धेश्वरांची संक्रांतीची जत्रा) आटोपल्यावर जानेवारीच्या अखेरीस. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घेतली की पहिल्या दिवसाच्या जेवणाची चिंता मिटते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्या दिवसांत मी मुलांचं तंबूतलं शिबिर ठेवत नाही, कितीही आग्रह झाला तरी.