कुपीतली भुकटी आणि तिच्यात घालायचं पाणी

फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवलेल्या पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) कुपीत तळाशी कापसाच्या चकतीसारखी पांढरी भुकटी बसलेली असते. औषध कारखान्यात तिला ‘केक’ म्हणतात. कुपीत निर्वात राखलेला असेल तर रबरी बुचातून सुई आत जाताच सिरिंजमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. धार केकवर न मारता काचेवरून ओघळू द्यायची, कुपी गदागदा न हलवता बोटांत धरून हलकेच फिरवायची. फेस झाला, की पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथे काही रेणू उलगडतात आणि एकमेकांना चिकटतात. हे कौशल्य दोन मिनिटांत शिकता येतं. कोणतं पाणी आणि किती दिवस, हे मात्र शिकायला जगाला अर्धं शतक लागलं, आणि त्यात जीव गेले.

सुकवण्याचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. १९०६ साली पॅरिसमध्ये द’आर्सोनव्हाल आणि बोर्दास यांनी गोठवलेल्या पदार्थातला बर्फ निर्वातात थेट वाफ करून काढून घेतला. १९०९ मध्ये अमेरिकेत लिऑन शॅकेलने हीच युक्ती स्वतंत्रपणे साधली. १९३५ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फ्लॉसडॉर्फ आणि मड यांनी रक्तद्रव्य असं सुकवायची व्यवहार्य रीत बसवली, आणि दुसऱ्या महायुद्धात सुकवलेला प्लाझ्मा आघाडीवर पोहोचला. पेप्टाइडला ही रीत मानवण्याचं कारण साधं आहे: त्याची बहुतेक दुखणी पाण्यातली. बंध तुटणं, अस्पॅराजिन या अमिनो आम्लाचं रूप बदलणं, गुठळ्या होणं, या सगळ्याला पाणी लागतं. मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लाला बिघडवायला मात्र हवेतला ऑक्सिजनही पुरतो. म्हणून थंड जागी, अंधारात, ओल लागू न देता ठेवलेली भुकटी पुष्कळ टिकते. फ्रीझरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, ती याचसाठी. नाहीतर गार काचेवर हवेतला दमट थर धरतो आणि ओल आत शिरते.

इथे एक गैरसमज जुना आहे. सुकवल्याने जंतू मरत नाहीत. उलट जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत ठेवायला प्रयोगशाळा हीच पद्धत वापरतात. सुकवण्याआधी जे आत गेलं, ते पाणी पडताच जागं होतं.

बरं, जंतू मारले तरी भागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून इंजेक्शन दिल्यावर रुग्णांना हुडहुडी भरून ताप चढायचा, आणि पाणी तर ऊर्ध्वपातित असायचं. १९२३ साली फ्लॉरेन्स सायबर्टने मूळ शोधलं: आधी पाण्यात वाढलेल्या जिवाणूंचे अवशेष. उकळत्या पाण्याचे बारीक तुषार वाफेबरोबर उडून स्वच्छ पाण्याच्या भांड्यात जात होते. तिने ते अडवणारी रचना केली आणि ताप थांबला. हे अवशेष, म्हणजे एंडोटॉक्सिन, उकळून जात नाहीत आणि जिवाणू गाळणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतात. घरी उकळलेलं किंवा बाटलीबंद पिण्याचं पाणी इंजेक्शनला का चालत नाही, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

त्यानंतरचा धडा सर्वांत भयंकर. जानेवारी १९२८, ऑस्ट्रेलियातलं बंडाबर्ग. घटसर्पाच्या लशीची अनेक डोसांची एकच बाटली, आत जंतुरोधक काहीही नाही, आणि भर उन्हाळा. आधीच्या काही दिवसांत तीच बाटली वापरून झाली होती, तेव्हा कुणाला काही झालं नव्हतं. २७ तारखेला २१ मुलांना त्यातून टोचलं. त्यांपैकी १२ दगावली. चौकशीत बाटलीत स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू सापडला. आयोगाने निष्कर्ष दिला, की जंतू वाढू शकतील असं द्रव्य पुरेशा जंतुरोधकाशिवाय वारंवार वापरायच्या बाटलीत देऊच नये. सुई दरवेळी बाहेरचं काहीतरी आत नेते, हे गृहीत धरायला जग तिथे शिकलं.

बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्यातलं ०.९ टक्के बेन्झिल अल्कोहोल याच विचारातलं. ते जंतूंची वाढ रोखून धरतं. घाण पाणी शुद्ध करत नाही. त्याचीही दुसरी बाजू १९८२ मध्ये समोर आली: शिरेत बसवलेल्या नळ्या धुवायला असं द्रव वापरलेली अपुऱ्या दिवसांची बाळं धापा टाकत गेली, आणि नवजातांसाठी ते वापरू नये असा इशारा अमेरिकेत निघाला. काही पेप्टाइडांचंही त्याच्याशी जुळत नाही. म्हणून ‘कोणतं पाणी’ हा प्रश्न त्या-त्या औषधाच्या पत्रकालाच विचारावा लागतो.

अनेक डोसांच्या कुपीला पहिल्यांदा सुई लागल्यापासून २८ दिवस, हा आजचा सर्वसाधारण नियम. पत्रकात वेगळी मुदत असेल तर ती. जंतुरोधक नसलेलं पाणी एकदाच वापरायचं, उरलेलं टाकायचं. आणि हे २८ दिवस जंतूंच्या हिशेबाने आहेत. पेप्टाइड स्वतः त्याआधीच खराब होऊ शकतं, तेही द्रावण अगदी नितळ दिसत असताना. गढूळपणा किंवा तरंगते कण दिसले तर टाकायचंच. तयार द्रावण फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. पुन्हा-पुन्हा गोठवणं-वितळवणं वाईट, कारण बर्फ होताना उरलेल्या थोड्या पाण्यात रेणू आणि क्षार दाटीने कोंडले जातात.

‘फक्त संशोधनासाठी’ असं छापून विकल्या जाणाऱ्या कुप्यांबद्दल माझं मत कडक आहे. त्या माणसाला टोचण्यासाठी बनवलेल्या नसतात, आणि बाहेरून कितीही काटेकोर हात वापरला तरी केकमध्ये आधीच असलेलं एंडोटॉक्सिन निघत नाही. कुपीवर तारीख, वेळ आणि कोणतं पाणी घातलं ते पेनाने लिहायची सवय प्रयोगशाळेतही हवी. चार दिवसांनी फ्रीजमध्ये एकसारख्या सहा कुप्या दिसतात तेव्हा आठवणीवर काही चालत नाही.