किमान वेतन आणि विशेष भत्ता (खानदेश)

किमान वेतन म्हणजे कामाच्या बदल्यात द्यावा लागणारा, कायद्याने ठरवलेला सर्वांत कमी मोबदला. यापेक्षा कमी पैशांत कोणत्याही मालकाला माणूस राबवून घेता येत नाही. कामगार स्वतः कमी पैशांत राजी असला तरीही नाही. महाराष्ट्रात या वेतनाचे दोन भाग असतात : मूळ वेतन आणि महागाईनुसार बदलत जाणारा विशेष भत्ता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात दालमिल, जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, प्लास्टिकच्या चटया व पाइप, विटभट्ट्या, हॉटेले आणि दुकाने अशा असंख्य खाजगी रोजगारांत या नियमाचा रोजच्या जगण्याशी संबंध येतो. अहिराणीत मजुरीला ‘रोज’ म्हणतात. ‘रोज कितला शे?’ हा प्रश्न इथे कामाला जाण्याआधी विचारला जातो. त्या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मूळ वेतन शासन अधिसूचनेने ठरवते. त्यासाठी किमान वेतन अधिनियम, 1948 ने दोन मार्ग दिले होते : समिती नेमून चौकशी करायची, किंवा मसुदा प्रसिद्ध करून दोन महिन्यांच्या मुदतीने हरकती मागवायच्या. पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार व्हावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक उद्योगांचे मूळ दर त्याहून कितीतरी जास्त काळ जागच्या जागी राहिले. अशा वेळी कामगाराचे वेतन बाजाराच्या मागे फरफटत का होईना, पण चालते ठेवले ते विशेष भत्त्याने. म्हणून या नोंदीत भत्त्याला जास्त जागा दिली आहे.

भत्त्याचे गणित असे. कामगारांच्या घरात लागणाऱ्या वस्तूंचे भाव किती चढले ते दाखवणारा आकडा म्हणजे कामगार वर्गाचा ग्राहक किंमत निर्देशांक. त्याची सहा महिन्यांची सरासरी काढतात. अधिसूचनेत जो आधारभूत निर्देशांक धरलेला असतो, त्याच्या वर ही सरासरी जितके अंक जाईल, त्या प्रत्येक अंकाला ठरलेली रक्कम महिन्याच्या पगारात वाढते. कामगार आयुक्तालय वर्षातून दोनदा हा भत्ता जाहीर करते : एक 1 जानेवारी ते 30 जूनसाठी, दुसरा 1 जुलै ते 31 डिसेंबरसाठी. मालकाची मर्जी, धंद्याची तेजी-मंदी, कामगाराची जुनी-नवी ओळख यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, मूळ वेतन 10,000 रुपये आहे, निर्देशांक आधाराच्या 60 अंक वर गेला आहे आणि दर अंकाला 50 रुपये ठरले आहेत. विशेष भत्ता झाला 3,000 रुपये आणि महिन्याचे किमान वेतन 13,000 रुपये. रोजंदारी काढताना महिन्याच्या वेतनाला 26 ने भागतात, म्हणजे रोज पडला 500 रुपये. 30 ऐवजी 26 ने भागण्याचे कारण असे, की आठवड्याच्या सुटीचे पैसे या दरातच धरलेले असतात. ‘रविवारचा रोज कापला’ आणि वर महिन्याला 30 ने भागले, असे दोन्ही बाजूंनी कात्री लावणारे हिशेब वहीत सापडतात. ते चूक आहेत. आठ तासांच्या दिवसाला तासाचा दर झाला 62 रुपये 50 पैसे. अर्धवेळ कामगाराला तासावर ठेवले, तर महाराष्ट्रातील अधिसूचनांप्रमाणे त्यात 15 टक्के वाढ द्यावी लागते. जादा कामाला, म्हणजे ओव्हरटाइमला, दुप्पट दर.

या निर्देशांकाशी खानदेशचे नाते जुने आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. मुंबई इलाख्याचे कामगार कार्यालय 1921 मध्ये सुरू झाले. पुढे ज्या मोजक्या शहरांचे निर्देशांक ते प्रसिद्ध करू लागले, त्यांत मुंबई, अहमदाबाद, सोलापूर यांच्या रांगेत जळगाव होते. जळगावच्या जुन्या मालिकेत ऑगस्ट 1939 चे भाव 100 धरलेले होते. म्हणजे दुसरे महायुद्ध पेटण्याच्या तोंडावरचा बाजार. नंतर राज्य शासनाने जळगावसाठी 1961 हे आधारवर्ष असलेली मालिका चालवली. खानदेशात तेव्हा गिरण्या होत्या : जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची गिरणी. भोंग्यावर चालणारी ही गावे होती. महायुद्धात धान्य-कापडाचे भाव भडकल्यावर गिरण्यांत महागाई भत्ता रूढ झाला आणि तो मोजायला बाजारभावांची पद्धतशीर नोंद लागू लागली. गिरण्यांचे भोंगे कधीच थांबले. त्यांच्यासाठी घडवलेली मोजणीची रीत मात्र आज चटई कारखान्यातल्या मशीनवाल्यापासून हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांच्या उपयोगी पडते. आधारवर्ष बदलते तेव्हा जुन्या-नव्या मालिकेची सांगड एका गुणकाने घालतात. केंद्राच्या 2016 च्या मालिकेला 2001 च्या मालिकेशी जोडणारा अखिल भारतीय गुणक 2.88 आहे. तो विसरला तर निर्देशांक एकाएकी कोसळल्यासारखा दिसतो आणि भत्ता बुडाल्याची अफवा उठते.

दर सगळीकडे एक नसतात. उद्योग, कामाचे कौशल्य (कुशल, अर्धकुशल, अकुशल) आणि परिमंडळ या तिन्हींवर ते ठरतात. ढोबळ मानाने महानगरपालिकांचा भाग पहिल्या परिमंडळात, नगरपालिकांचा दुसऱ्यात आणि बाकीचा ग्रामीण भाग तिसऱ्यात धरला जातो. पण प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत परिमंडळाची व्याख्या वेगळी असू शकते, म्हणून ती वाचूनच दर लावावा. खानदेशात जळगाव आणि धुळे ही शहरे 2003 मध्ये महानगरपालिका झाली. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार, शहादा येथे नगरपालिका आहेत. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन दुकानांत, एक जळगावात आणि एक शहराबाहेरच्या खेड्यात, तेच काम करणाऱ्या दोघांचे किमान वेतन वेगळे निघू शकते. दर ठरतो तो कामाच्या जागेवरून. कामगार कोणत्या गावाहून एसटीने येतो, याला महत्त्व नाही.

भुसावळात आणखी एक गुंता आहे. रेल्वे आणि आयुधनिर्माणी हे केंद्राच्या अखत्यारीतले रोजगार. तिथे ठेकेदारामार्फत झाडलोट, लोडिंग किंवा बांधकाम करणाऱ्यांनाही केंद्राचे दर लागू होतात, आणि त्यांचा बदलता महागाई भत्ता 1 एप्रिल व 1 ऑक्टोबरला बदलतो. स्टेशनच्या आत झाडू मारणारी बाई आणि स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये झाडू मारणारी बाई, दोघींमध्ये फक्त रस्ता असतो; त्यांच्या पगाराचे सरकार मात्र वेगळे. ठेकेदार राज्याचा दर कमी पडत असेल तर तो पुढे करतो, केंद्राचा कमी असेल तर तो. म्हणून कामगाराने आधी विचारावे, काम कोणाच्या जागेवर आणि कोणाच्या कामासाठी चालले आहे.

सर्वांत जास्त पैसा बुडतो तो उक्त्या कामात, म्हणजे नगावर किंवा वजनावर मिळणाऱ्या मजुरीत. नंदुरबारची मिरची हे त्याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण. पाऊस ओसरला की शहराभोवतीच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत घालतात. त्या जागेला पथारी म्हणतात. लांबून पाहिले तर जमिनीवर कुंकू सांडल्यासारखे दिसते. जवळ गेले की ठसका लागतो. नाकातोंडावर फडके बांधून बाया रांगेने बसलेल्या असतात, मांडीजवळ ढीग, आणि एकेका मिरचीचा देठ खुडून ती पाटीत टाकायची. दुपारपर्यंत बोटे भगभगू लागतात; घरी गेल्यावर लेकराला त्याच हाताने घेता येत नाही. पैसे किलोवर. समजा, किलोला 10 रुपये दर आहे आणि सवयीच्या हाताने दिवसाला 30 किलो होतात, तर हाती आले 300 रुपये. वरच्या हिशेबातला रोज 500 आहे. ज्या कामाला वेळेचा किमान दर ठरला आहे आणि नगाचा वेगळा ठरलेला नाही, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. हे 1948 च्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे उरलेले 200 रुपये त्या बाईचे आहेत. किलोचा भाव ठरला म्हणजे व्यवहार मिटला, ही समजूत व्यापारी आणि मजूर दोघांच्याही मनात इतकी घट्ट बसली आहे, की ते मागावेत हे कोणाला सुचतही नाही. तसेच, माल न आल्याने किंवा वीज गेल्याने मालकाने मजूर दुपारीच घरी पाठवले, तर ठरलेल्या अपवादांखेरीज पूर्ण दिवसाचा रोज द्यावा लागतो.

महिन्याच्या पगारावरच्या कामगाराचे नुकसान वेगळ्या वाटेने होते. एका कारखान्याच्या पगारपत्रकावर ‘मूळ वेतन’, ‘वि. भत्ता’, ‘इतर’ असे रकाने छापलेले मी पाहिले आहेत. मूळ वेतन अधिसूचनेप्रमाणे चोख, पैशापर्यंत बरोबर. मधला रकाना कोरा. ‘इतर’मध्ये शंभराच्या आसपास काहीतरी. तीन वर्षांची पत्रके एकावर एक ठेवली तर तारखेशिवाय काही बदलत नव्हते. ज्याची ती पत्रके होती त्याला वाटत होते, सरकारने ठरवलेला पगार आपल्याला मिळतो. दर सहा महिन्यांनी वाढायला हवे होते ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

इथे एक बारीक मुद्दा मालकाच्या बाजूचाही आहे, तो टाळणे बरोबर नाही. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्याहून जास्त एकूण वेतन मालक आधीच देत असेल, तर त्यावर आणखी वेगळा भत्ता द्यावाच लागतो असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने एअरफ्रेट विरुद्ध कर्नाटक राज्य या 1999 च्या निकालात किमान वेतन ही एकत्रित रक्कम मानली. पण एकूण रक्कम त्या मर्यादेखाली असेल तर ‘धंदा चालत नाही’ हे कारण कोणत्याच न्यायालयात टिकत नाही. किमान वेतन देण्याची ऐपत नसलेल्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही, हे क्राउन ॲल्युमिनियम खटल्यात 1950 च्या दशकातच सांगितले गेले आहे. आणि 1983 च्या संजित रॉय खटल्यात न्यायालयाने त्यापुढे जाऊन, किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हे संविधानाच्या अनुच्छेद 23 मधील वेठ आहे असे म्हटले.

‘किमान’ म्हणजे किती, याचे माप 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले : एका कमावत्यामागे चौघांच्या कुटुंबाचा, म्हणजे तीन प्रौढ माणसांइतका खर्च, माणशी 2,700 उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी 20 टक्के. 1991 च्या रेप्टाकोस ब्रेट निकालाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्क्यांची भर घातली. प्रत्यक्ष दर या मापाला क्वचितच पुरे पडतात.

शेतमजुरीलाही किमान वेतन आहे. तिचे दर वेगळ्या अधिसूचनेने ठरतात. खानदेशात वर्षभराच्या कराराने राहणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरते आणि त्याच दिवशी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते. वर्षाचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. बारा महिन्यांनी भागून त्यातून पहाटेची धार आणि रात्रीचे पाणी भरणे यांचे तास काढले की तो किती लहान आहे ते कळते. शहादा-तळोदा भागात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी भिल्ल व इतर आदिवासींना उभे केले, तेव्हा गेलेल्या जमिनींबरोबर सालदारांची व मजुरांची मजुरी हाही मागणीचा कणा होता. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. आजही सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे काम केलेल्या दिवसांना गुजरातचे दर लागू होतात, महाराष्ट्राचे नाहीत, आणि तक्रारही तिथल्याच अधिकाऱ्याकडे करावी लागते. मुकादम इथला, उचल इथे घेतलेली, काम तिकडचे. या तिढ्यात बहुतेक दावे जन्मण्याआधीच मरतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आणि 1948 चा कायदा तिच्यात विरला. जुन्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, चालू राहतात. मोठा फरक असा, की पूर्वी कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे जोडलेल्या यादीत, नाव असलेल्या रोजगारांनाच किमान वेतन होते. आता तशी अट नाही. केंद्राने ठरवायच्या तळदरापेक्षा कमी दर राज्याला ठेवता येणार नाही. थकबाकीचा दावा करायला पूर्वी सहा महिने मिळत. आता तीन वर्षे मिळतात. बुडालेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाईची तरतूद दोन्हींकडे आहे. पूर्ण वेतन दिले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे.

तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणच्या कामगार कार्यालयात साध्या कागदावर करता येते. पगाराची पावती नसणे ही खानदेशातली नेहमीची अडचण. हजेरीकार्ड, मुकादमाच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, बँकेतली जमा, सोबत काम करणाऱ्यांचे जबाब, गेटपास, हे सगळे पुराव्यात धरता येते. ज्या बायका स्वतःच्या छोट्या वहीत तारीख, किलो आणि मिळालेले पैसे लिहून ठेवतात, त्यांचा हिशेब सुनावणीत सर्वांत आधी उघडला जातो.