सूर्यमाला पानात मावत नाही

सूर्यमालेचं एक चित्र बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. डाव्या कडेला सूर्याचा पिवळा तुकडा, त्याच्यापुढे ओळीने आठ गोळे, शनीभोवती कडी, पृथ्वी निळी, मंगळ तांबडा. पुस्तकात तेच, भिंतीवरच्या तक्त्यात तेच, प्रदर्शनासाठी केलेल्या थर्मोकोलच्या प्रतिकृतीतही तेच. मुलं क्रम चटकन पाठ करतात: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. परीक्षेत तेवढंच विचारलं जातं, त्यामुळे धडा झाला असं सगळेच धरून चालतात. पण या चित्रातून मुलं क्रमासोबत आणखीही बरंच काही उचलतात. ग्रह एका रांगेत उभे आहेत, एकमेकांना खेटून आहेत, गुरू सूर्याच्या निम्मा तरी असेल, लघुग्रहांचा पट्टा म्हणजे दगडांची नुसती दाटी. यातलं एकही खरं नाही, आणि यातलं काहीही कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही.

चित्रकाराला बोल लावण्यात अर्थ नाही. पृथ्वी एक मिलिमीटरची काढायची आणि अंतरंही त्याच प्रमाणात दाखवायची, तर नेपच्यूनसाठी सुमारे ३५० मीटर लांब कागद लागेल. उलट, सगळी अंतरं एका पानात बसवली तर एकही ग्रह दिसणार नाही. आकार आणि अंतर यांतलं एकच काहीतरी पानावर खरं दाखवता येतं. चित्राखाली एवढं एक वाक्य छापलं तरी पुष्कळ काम होईल. बहुतेक ठिकाणी ते नसतं.

कक्षांच्या चित्राने तर याहून जास्त घोळ घातला आहे. तिरप्या कोनातून पाहिल्यासारख्या कक्षा काढायची पद्धत असल्यामुळे त्या लांबट दिसतात आणि पृथ्वी कधी सूर्याच्या अगदी जवळ, कधी फार लांब जाते असं वाटतं. मग ‘उन्हाळा का होतो?’ या प्रश्नाला वर्गातून एकमुखाने उत्तर येतं, ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. त्या वेळी उत्तर गोलार्धात थंडी असते. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर असते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आहे हे खरं, पण १० सेंटिमीटर त्रिज्येची काढली तर तिचा आखूड व्यास लांब व्यासापेक्षा जेमतेम ०.०३ मिलिमीटरने कमी भरेल. म्हणजे पेन्सिलीच्या रेषेची जाडीच त्याहून जास्त. फक्त सूर्य मध्यबिंदूपासून दीडेक मिलिमीटर बाजूला दिसेल. ऋतूंचं कारण आहे पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. पण कंपास घेऊन वर्तुळ काढायला लावल्याशिवाय हा गैरसमज जात नाही. नुसतं सांगून तो परीक्षेपुरता दबतो आणि नंतर पुन्हा वर येतो.

माझं मत असं की ग्रहांची यादी धड्याच्या शेवटी यावी. आधी अंतरं पायाखालून जावीत आणि ग्रह डोळ्यांना दिसावेत.

अंतरांसाठी एक प्रमाण फार सोयीचं आहे: एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. त्यामुळे एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर होतं आणि आकडेमोड तोंडी करता येते. या प्रमाणात सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो. तो मैदानाच्या एका टोकाला ठेवायचा आणि चालायला लागायचं. सहा मीटरच्या थोडं अलीकडे बुध, अर्धा मिलिमीटरचा ठिपका. अकराव्या मीटरला शुक्र. पंधराव्या मीटरला पृथ्वी, टाचणीच्या डोक्याएवढी. चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरहून थोडा कमी अंतरावर. माणूस आजवर अवकाशात गेला आहे तो साधारण एवढ्याच चार सेंटिमीटरपर्यंत. तेविसाव्या मीटरला मंगळ. इथपर्यंत मुलं उत्साहात असतात, कारण पावलापावलाला काहीतरी सापडत असतं. मग पंचावन्न मीटर काहीच नाही.

या मोकळ्या जागेत लघुग्रहांचा पट्टा येतो. त्यातल्या लाखो लघुग्रहांचं वस्तुमान एकत्र केलं तरी ते आपल्या चंद्राच्या ३ टक्क्यांच्या आसपास भरतं. १९७० च्या दशकापासून कितीतरी यानं या पट्ट्यातून सहज पार झाली आहेत. ७८ मीटरवर गुरू भेटतो, जेमतेम १.४ सेंटिमीटरचा, म्हणजे व्यासाने सूर्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. शनी १४३ मीटरवर. इथे बहुतेक मैदानं संपतात आणि फाटकाबाहेर पडावं लागतं. युरेनस २८७ मीटरवर, नेपच्यून ४५० मीटरवर. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान या प्रमाणात अडीच किलोमीटरच्या आसपास पोचलं आहे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? चार हजार किलोमीटरवर.

या प्रमाणाची खरी गंमत प्रकाशात आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या मैदानात सेकंदाला तीन सेंटिमीटर. एका मुलाला ‘प्रकाश’ करायचं आणि चेंडूपासून त्या वेगाने सरकायला सांगायचं. टाचणीपर्यंत पोचायला त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. बाकीची मुलं कंटाळतात, आणि कंटाळलेलं चालेल. विश्वातला सर्वांत मोठा वेग इतका रेंगाळताना पाहिला की ‘सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात’ हे वाक्य वेगळं सांगावं लागत नाही. नेपच्यूनपर्यंत जायला त्याच ‘प्रकाशाला’ चार तासांहून जास्त वेळ लागेल.

अंतरं झाली की आकाश. इथे दुर्बिणीवाचून अडत नाही. बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि शहराच्या उजेडातही शुक्र आणि गुरू लपत नाहीत. कोणता ठिपका कोणता हे स्टेलेरियमसारख्या मोफत संगणकीय तारांगणात आधी पाहून ठेवावं. एका रात्रीत मात्र फारसं हाती लागत नाही. ग्रह लुकलुकत नाहीत, तारे लुकलुकतात, हे ढोबळमानाने ठीक आहे, पण क्षितिजालगत ग्रहही लुकलुकतात. ग्रहाची खरी ओळख त्याच्या सरकण्यात आहे. आजूबाजूच्या ताऱ्यांचं चित्र वहीत काढायचं, त्यात ग्रहाची जागा मांडायची, आणि आठवड्याने तेच चित्र पुन्हा काढायचं.

नेपच्यूनची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. गॅलिलिओने १६१२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत गुरूचं निरीक्षण करताना नेपच्यून पाहिला होता आणि तो तारा समजून वहीत मांडलाही होता. ग्रह म्हणून तो सापडला १८४६ मध्ये. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. त्याला कोण ओढतंय याचा हिशेब मांडून ल वेरिए या फ्रेंच गणितज्ञाने आकाशातली जागा सांगितली, आणि बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाल याला, त्याचं पत्र मिळालं त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत, नकाशात नसलेला एक ठिपका दिसला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला होता. तेव्हा खात्री पटली.

निरीक्षणातून मुलांना प्रश्नही सुचतात. शुक्र मध्यरात्री डोक्यावर का दिसत नाही? गुरू मात्र दिसतो. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे पाच मुठींच्या आत शुक्राचा सगळा खेळ. बुध तर तीन मुठींतच. कोणता ग्रह पृथ्वीच्या आतल्या बाजूला आणि कोणता बाहेरच्या, हे मुलं पुस्तक न उघडता यावरूनच ठरवू शकतात.

मंगळाची वाट मात्र पाहावी लागते. साधारण २६ महिन्यांनी एकदा तो ताऱ्यांमधून पुढे जाता जाता थांबतो, दोन-अडीच महिने उलटा सरकतो आणि मग पुन्हा सरळ चालू लागतो. हीच वक्री गती. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आतल्या कक्षेतून जाते, मंगळ २४ किलोमीटरने बाहेरच्या कक्षेतून. आपण त्याला मागे टाकतो तेव्हा तो मागे जाताना भासतो. फळ्यावर हे समजावणं कठीण जातं, मैदानावर पाच मिनिटांत होतं. दोन मुलं एकाच मध्याभोवती लहानमोठ्या वर्तुळांत चालतात, आतलं मूल भरभर, बाहेरचं जरा सावकाश. आतल्याने सतत बाहेरच्याकडे बोट रोखून ठेवायचं आणि ते बोट लांबच्या झाडांपैकी कुठल्या झाडावर जातं हे ओरडून सांगायचं. मागे टाकताना झाडांचा क्रम उलटा होतो. पुढची संधी २०२७ च्या सुरुवातीला आहे: १९ फेब्रुवारीला मंगळाची प्रतियुती आहे (म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल), आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत तो मघा ताऱ्याच्या आसपास मागे सरकताना दिसेल. दर आठवड्याला एक ठिपका मांडला तरी पुरे.

साधी द्विनेत्री मिळाली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने ते पाहिले, तेव्हा सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजाला धक्का बसला. सलग चार-पाच रात्री त्यांच्या जागा काढल्या की मुलांनाही तेच दिसतं. आयो पावणेदोन दिवसांत फेरी पूर्ण करतो, कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात.

मोठ्या वर्गांना इथून केप्लर या खगोलशास्त्रज्ञाच्या ग्रहगतीच्या नियमाकडे नेता येतं. ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या पटीत घ्या आणि त्याचा घन करा. वर्षाची लांबी पृथ्वीच्या वर्षांत घ्या आणि तिचा वर्ग करा. गुरूचं अंतर ५.२, घन १४०.६. गुरूचं वर्ष ११.८६, वर्ग १४०.७. शनीसाठी, मंगळासाठी करून पाहिलं तरी दोन्ही आकडे जुळतात. हे गणित मुलांनी स्वतः केलं तर तक्त्यातले आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत हे त्यांच्या लक्षात येतं. तेच चंद्रांना लावलं की गुरूचं वस्तुमान काढता येतं, गुरूला हात न लावता.

तापमानाचा तक्ताही असाच वापरावा. आधी फक्त अंतरं द्यायची आणि कोणता ग्रह सर्वांत तापलेला असेल ते विचारायचं. सगळे बुध म्हणणार, आणि तर्क म्हणून ते योग्यच आहे. बुधावर दिवसा ४३० अंश सेल्सियसपर्यंत पारा चढतो, पण रात्री उणे १८० पर्यंत उतरतो. शुक्रावर मात्र दिवसरात्र, ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत, ४६० च्या वरच. कारण दाट वातावरण, त्यात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड. दुसऱ्या टोकालाही तर्क फसतो: नोंदलेलं सर्वांत कमी तापमान नेपच्यूनचं नाही, अलीकडच्या युरेनसचं आहे, उणे २२४ अंश. नेपच्यून सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या अडीचपटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे वरची सगळी त्याच्या आतून येते; युरेनसच्या बाबतीत ही आतली उष्णता फारच कमी आहे. या फरकाचं कारण अजून पक्कं ठरलेलं नाही, हेही मुलांना सांगून टाकावं.

राहिला प्लूटो. तो विषय निघतोच, आणि बऱ्याचदा ‘त्याला काढून टाकलं’ एवढ्यावर मिटवला जातो. खरं तर हा वाद वर्गात रंगवावा असा आहे. १८०१ मध्ये सेरेस सापडला तेव्हा त्यालाही ग्रह म्हटलं गेलं, काही दशकं तो ग्रहांच्या यादीत होता. मग तसलेच आणखी सापडत गेले आणि त्याची रवानगी लघुग्रहांत झाली. प्लूटोचंही तसंच झालं. १९३० मध्ये सापडलेला प्लूटो २००५ मध्ये एरिस मिळेपर्यंत निवांत होता. एरिस जवळजवळ त्याच्याएवढाच, शिवाय वस्तुमानाने जास्त. मग एक तर दोघेही ग्रह, नाहीतर एकही नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तीन अटी ठरवल्या: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल होणं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं. प्लूटो तिसऱ्या अटीवर अडला.

अटी सांगण्याआधी वर्गाला गट पाडून स्वतःची व्याख्या लिहायला लावावी आणि मग एकेका गटाला अडचणीत आणावं. ‘गोल असेल तो ग्रह’ म्हणणाऱ्यांनी आपल्या चंद्राचं काय करायचं ते सांगावं. ‘सूर्याभोवती फिरेल तो’ म्हणणाऱ्यांच्या वाट्याला धूमकेतू येतात, आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेले हजारो ग्रह हातचे जातात. ‘मोठा असेल तो’ म्हणणाऱ्यांना गुरूचा चंद्र गॅनिमीड दाखवावा. त्याचा व्यास बुधापेक्षा जास्त आहे. एखादा हुशार गट लगेच व्यास सोडून वस्तुमानावर येईल, आणि बुध वाचेल, कारण तो गॅनिमीडच्या दुपटीहून जड आहे. मग त्या गटाला विचारावं की वस्तुमानाची रेघ नेमकी कुठे मारायची, आणि तिथेच का.