शार्पीला नजर लागत नाही

गेल्या नवरात्रात नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानात दांडिया बघायला गेलो होतो. दोन गाणी झाली आणि ट्रसच्या, म्हणजे दिवे टांगायच्या सांगाड्याच्या, टोकाच्या दोन शार्पी अंगात आल्यासारख्या थरथरू लागल्या. शार्पी म्हणजे मान फिरवत बारीक झोत टाकणारा दिवा. बाकीच्या शहाण्यासारख्या फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर ट्रसच्या खांबाला लिंबू-मिरची! ‘काका, नजर लागली होती,’ ऑपरेटर पोरगा मनापासून सांगत होता. थरथर अर्थात चालूच होती.

तिथे नजर नव्हती, एक 120 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटासा भाग, नव्हता. तो कशाला लागतो हे कळायला कन्सोलमधून, म्हणजे ऑपरेटरच्या बटणांच्या टेबलातून, नेमकं काय निघतं ते आधी बघावं लागेल. दिवे गाणं ऐकून नाचतात असं पुष्कळांना वाटतं. स्वस्त दिव्यांत तसा माइक असतोही, पण मोठ्या शोमध्ये दिवे ठार बहिरे असतात. कन्सोलमधून त्यांच्याकडे फक्त आकडे जातात, 0 ते 255 मधले. या पद्धतीला डीएमएक्स512 म्हणतात. अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने ती 1986 साली ठरवली आणि थोड्याफार सुधारणांसह आजही तीच राबते आहे.

पंचवटी एक्स्प्रेस डोळ्यासमोर आणा. फक्त तिला 512 डबे आहेत, आणि एकाही डब्यावर नंबर रंगवलेला नाही. प्रत्येक डब्यात एकच प्रवासी, म्हणजे एक आकडा. तुम्हाला सतराव्या डब्यातला माणूस हवा असेल तर इंजिन गेल्यावर मोजत उभं राहायचं. दिवा हेच करतो. त्याचा पत्ता 17 लावला असेल तर तो सोळा डबे जाऊ देतो आणि तिथून पुढे आपल्याला हवे तितके डबे उचलतो. एकात उजेड किती, दुसऱ्यात रंग कोणता, तिसऱ्यात मान किती वळवायची.

मग इंजिन ओळखायचं कसं? ही मला सगळ्यात देखणी वाटणारी युक्ती. या तारेवर एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, 4 मायक्रोसेकंदांचा असतो. डब्यात आकड्याचे 8 बिट, पुढे एक सुरुवातीचा, मागे दोन शेवटचे. असे 11, म्हणजे 44 मायक्रोसेकंद. आकडा शून्य असला तरी तार सलग खाली, म्हणजे 0 वर, राहते ती जास्तीत जास्त 9 बिट, म्हणजे 36 मायक्रोसेकंद. म्हणून गाडी सुटण्याआधी कन्सोल तार मुद्दाम किमान 92 मायक्रोसेकंद खाली धरतो. इतकी लांब शांतता कुठल्याच डब्यात बसत नाही, तेव्हा हे इंजिनच. त्याच्यामागे एक सूचनेचा डबा, मग 512 आकडे. गुणाकार करून बघा, अख्खी गाडी साधारण 22.7 मिलिसेकंदांत जाते. सेकंदाला 44 गाड्या.

आता ती थरथर. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसा तारेच्या मोकळ्या टोकावरून सिग्नलही उलटा फिरतो. तारेत त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे दोनतृतीयांश धरला, तर 100 मीटरची तार जाऊन-येऊन ओलांडायला त्याला एक मायक्रोसेकंद लागतो. म्हणजे चार मायक्रोसेकंदांचा बिट अजून चालू आहे तोवर त्याचाच पडसाद त्याच्या अंगावर येतो. कडा विस्कटल्या की दिवा 0 ला 1 समजतो, मोजणी बिघडते, मान भलतीकडे वळते. टोकाला तारेच्या स्वभावाला जुळणारा 120 ओहमचा रेझिस्टर बसवला, की येणारी ऊर्जा तो गिळून टाकतो. छोट्या तारेवर त्याच्याशिवायही भागतं, आणि तिथेच सवय बिघडते. त्यात डीएमएक्सच्या जागी माइकची केबल जोडली तर विचारूच नका. नारळ हवा तर फोडा, पण टर्मिनेटर, म्हणजे हाच टोकाचा रेझिस्टर, लावून फोडा.

मागच्या एलईडी वॉलवर हलणाऱ्या देवीच्या चित्राचं काय? तेही याच गाडीतून येतं, असं एका मंडळाच्या अध्यक्षांनी मला ठासून सांगितलं. फुल एचडीचं एक चित्र 1920 गुणिले 1080 ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, एकूण 62,20,800. एका गाडीत 512, म्हणजे 12,150 गाड्या. एकच चित्र पोचायला साडेचार मिनिटांहून जास्त! म्हणून व्हिडिओ आधीच मीडिया सर्व्हर नावाच्या दणकट कॉम्प्युटरमध्ये भरलेले असतात. कन्सोलच्या लेखी तो सर्व्हर म्हणजे आणखी एक दिवाच. एका डब्यात फोल्डरचा नंबर, दुसऱ्यात क्लिपचा, तिसऱ्यात उजेड. यातल्या पहिल्या दोन डब्यांत 65,536 क्लिपांचा पत्ता मावतो.

दोन डबे जोडायची हीच युक्ती मानेलाही लागते. 540 अंश फिरणाऱ्या दिव्याला एकच आकडा दिला तर एक पायरी 2.1 अंशांची होते, आणि 20 मीटरवर झोत पाऊण मीटर उडी मारतो. दुसरा डबा बारीक फरकासाठी दिला की तीच पायरी तीन मिलिमीटरवर येते. मोठ्या शोला 512 डबे पुरत नाहीतच. मग आर्टनेटसारख्या पद्धतीने अशा कित्येक गाड्या एका नेटवर्क केबलमधून सोडतात. ‘एआय लाइट शो’ असं फ्लेक्सवर कितीही मोठ्या अक्षरांत छापलं, तरी खाली ट्रसवर पोचतात ते हेच डबे.

या गाडीला परतीचा प्रवास नाही. दिवा ‘मिळालं’ म्हणत नाही, आणि आकडा वाटेत बिघडला का हे तपासायची सोयही नाही. म्हणूनच चूक झाल्यास माणसाला इजा होईल अशा कामांना, उदाहरणार्थ स्टेजवरच्या आतषबाजीला, डीएमएक्स वापरू नका असं मानकातच बजावलं आहे. 2006 साली उत्तर देण्याची सोय असलेलं आरडीएम आलं, पण ऐन गाण्यात कोणता झोत कुठे पडला हे बघायला ऑपरेटरचे डोळेच लागतात. मैदानाच्या बरोबर मधोमध, तुमच्या-आमच्या नजरेच्या आड येणारा तो कन्सोलचा मांडव तिथे असतो तो याचसाठी.