बिल्डमध्ये छापलेलं कॉन्फिग आणि चालताना वाचलेलं कॉन्फिग

स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) तपासून झालेली डॉकर इमेज, म्हणजे अ‍ॅपचा बांधून ठेवलेला गठ्ठा, प्रॉडक्शनवर (खऱ्या वापराच्या सर्व्हरवर) चढवली, तिच्यातून कंटेनर सुरू करताना एपीआयचा नवा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या किमतीतून, दिला, तरी ब्राउझर स्टेजिंगच्याच एपीआयकडे धावतोय. कंटेनरमध्ये शिरून व्हेरिएबल बघावं, तर तिथे नवा पत्ता व्यवस्थित दिसतो. मग संशय कॅशवर, मग एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर, मग फाइली जागोजागी साठवून वाटणाऱ्या सीडीएनवर. बिघडलेलं त्यातलं काहीच नसतं. सर्व्हरची एन्व्ह फाइल (अशा व्हेरिएबल्सची यादी) आणि फ्रंटएंडची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाची, एन्व्ह फाइल दिसायला सारख्या, म्हणून त्यांचं कामही सारखंच असेल असं धरून चाललेलं असतं, एवढंच.

सर्व्हरकडची गोष्ट सरळ आहे. नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर) एक्स्प्रेस फ्रेमवर्कने चालणारं अ‍ॅप ‘प्रोसेस डॉट एन्व्ह’ वाचतं तेव्हा ते चालू प्रोसेसला मिळालेली व्हेरिएबल्स वाचत असतं. डॉट-एन्व्ह फाइल ही फक्त सोय. पूर्वी त्यासाठी डॉटएन्व्ह पॅकेज लागायचं. 2023 मध्ये आलेल्या नोड 20.6 पासून ‘एन्व्ह-फाइल’ हा फ्लॅग नोडमध्येच मिळतो. दोन्हीकडे नियम तोच: व्हेरिएबल आधीच बाहेरून दिलेलं असेल, तर फाइलमधली किंमत त्याच्यावर चढत नाही. किंमत बदलायची तर प्रोसेस रीस्टार्ट करा, झालं. कोड तोच, इमेज तीच.

ब्राउझरमध्ये मात्र नोडची प्रोसेसच नाही, मग एन्व्ह वाचणार कुठून? म्हणून व्हीटसारखं बिल्ड टूल, म्हणजे कोडमधून ब्राउझरसाठीच्या तयार फाइली बनवणारं साधन, वेगळीच युक्ती करतं. कोडमध्ये तुम्ही ‘इम्पोर्ट डॉट मेटा डॉट एन्व्ह डॉट व्हीट_एपीआय_यूआरएल’ असं लिहिता. प्रॉडक्शन बिल्ड होताना तो अख्खा मजकूर काढून त्याच्या जागी अवतरणचिन्हांतला साधा पत्ता टाकला जातो. या तयार फाइली ज्यात येतात त्या डिस्ट फोल्डरमधली जावास्क्रिप्ट फाइल उघडलीत तर व्हेरिएबलच्या नावाचा मागमूस नसतो, नुसता पत्ता सापडतो. लग्नपत्रिका छापून वाटल्यावर हॉल बदलला, तर छापखान्यात फोन करून काय उपयोग? कंटेनरला दिलेलं व्हेरिएबल हा तसलाच फोन.

यामुळे दोन गोष्टी आपोआप ठरतात. एक म्हणजे, गुपित इथे ठेवायचंच नाही. व्हीट फक्त ‘व्हीट अंडरस्कोर’ने सुरू होणारी व्हेरिएबल्स क्लायंटच्या कोडमध्ये जाऊ देतं, नेक्स्ट या रिअ‍ॅक्टवरच्या फ्रेमवर्कमध्ये ‘नेक्स्ट_पब्लिक’ आणि जुन्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपमध्ये ‘रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप’ हे उपसर्ग तेच काम करतात. उपसर्ग लावला की काहीतरी सुरक्षा मिळते असा समज बऱ्याच जणांचा असतो. उलटं आहे: उपसर्ग लावणं म्हणजे ही किंमत जगजाहीर करायला तुमची हरकत नाही, असं टूलला सांगणं. पेमेंट गेटवेची सीक्रेट की त्यात टाकलीत तर डेव्हटूल्स उघडणाऱ्या कुणालाही ती मिळेल. दुसरं म्हणजे, किंमत बिल्डच्या वेळीच कायम झाल्यामुळे बंद फीचर फ्लॅगमागचा (एखादी सोय चालू-बंद करणाऱ्या किमतीमागचा) कोड मिनिफायर, म्हणजे कोड आटवणारं साधन, बंडलमधून (तयार जावास्क्रिप्ट फाइलमधून) उडवून टाकू शकतो. हा फायदा चालताना वाचलेल्या कॉन्फिगला कधीच मिळत नाही.

नेक्स्टमध्ये गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथे दोन्ही प्रकार एकाच रेपोत, कधीकधी एकाच फाइलमध्ये नांदतात. सर्व्हरवर दर विनंतीला तयार होणाऱ्या पानात ‘प्रोसेस डॉट एन्व्ह’मधलं उपसर्ग नसलेलं व्हेरिएबल खरोखर त्या क्षणी वाचलं जातं. पण तेच पान बिल्डच्या वेळी स्टॅटिक तयार झालं, तर तेव्हाची किंमत एचटीएमएलमध्ये बसते आणि पुन्हा बिल्ड होईपर्यंत हलत नाही, उपसर्ग असो वा नसो.

याच गोतावळ्यात नोड_एन्व्ह (कोड डेव्हलपमेंटसाठी चालतोय की प्रॉडक्शनसाठी हे सांगणारं व्हेरिएबल) आणि व्हीटचा मोड (कुठली एन्व्ह फाइल वाचायची ते ठरवणारा) यांचीही सरमिसळ होते. ‘व्हीट बिल्ड’ला मोड स्टेजिंग दिला तर ‘डॉट-एन्व्ह-डॉट-स्टेजिंग’ फाइल वाचली जाते, पण नोड_एन्व्ह प्रॉडक्शनच राहतं. ते तसंच हवं. नोड_एन्व्हमध्ये ‘स्टेजिंग’ लिहून ठेवलं, तर ती किंमत प्रॉडक्शन आहे का एवढंच तपासणाऱ्या लायब्ररी स्टेजिंगवर वेगळ्या वागतात, आणि मग स्टेजिंगवर तपासलेलं प्रॉडक्शनला लागू पडत नाही.

मग वापरायचं काय? दर एन्व्हायर्नमेंटसाठी वेगळा बिल्ड होत असेल, तर छापलेलं कॉन्फिग पुरतं. उगाच यंत्रणा वाढवू नका. पण स्टेजिंगवर पास झालेली तीच इमेज पुढे न्यायची असेल, तर एपीआयचा पत्ता बिल्डमध्ये छापू नये, असं माझं ठाम मत आहे. हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी 2011 च्या सुमारास मांडलेल्या ट्वेल्व्ह-फॅक्टर पद्धतीत बिल्ड, रिलीज आणि रन हे टप्पे वेगळे ठेवलेत, आणि कॉन्फिग बिल्डला जोडलं जातं ते रिलीजच्या टप्प्यात.

फ्रंटएंडमध्ये हे साधायचा सोपा मार्ग असा: कंटेनर सुरू होताना एक छोटी शेल स्क्रिप्ट व्हेरिएबल्स वाचून ‘कॉन्फिग डॉट जेएस’ लिहिते, ती फाइल ‘विंडो’वर एक ऑब्जेक्ट ठेवते, आणि इंडेक्स एचटीएमएलमध्ये तिचा स्क्रिप्ट टॅग मुख्य बंडलच्या आधी येतो. बंडलच्या नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) असतो, म्हणून ते ब्राउझरने खुशाल वर्षभर कॅश करावं. कॉन्फिगच्या फाइलला हॅश नाही, तेव्हा तिच्यासाठी ‘नो-स्टोअर’, म्हणजे साठवून ठेवू नका असं ब्राउझरला सांगणारा, हेडर हवाच. आणखी एक खाच: एन्व्हमधून आलेली प्रत्येक किंमत स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते. ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग जावास्क्रिप्टच्या लेखी खरी ठरते, त्यामुळे बंद केलेला फ्लॅग चालूच राहतो. अ‍ॅप उठतानाच सगळ्या किमती तपासून हव्या त्या प्रकारात बदलून घ्या, आणि एखादी नसेल तर तिथेच थांबून तिचं नाव एररमध्ये छापा.

आपल्या प्रोजेक्टमध्ये कुठला प्रकार आहे याची शंका असेल, तर बिल्ड करून डिस्ट फोल्डरमध्ये एपीआयचं डोमेन ग्रेप करा (शोधा). सापडलं, तर कंटेनरला कितीही व्हेरिएबल्स द्या, पत्ता बदलायला नवा बिल्डच लागेल.