व्होल्टेज उतरले म्हणून संगणक रेंगाळत नाही

घरातला वीजदाब उतरला की पंखा मंदावतो आणि बल्ब पिवळा पडतो. हा अनुभव गाठीशी असल्यामुळे संगणक रेंगाळू लागला की ‘एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) कमजोर झाला असेल’ असा निष्कर्ष आपण सहज काढतो. आमच्या आठ वर्षे जुन्या डेस्कटॉपबाबत मीही तोच काढला होता, आणि तो निम्माच खरा निघाला.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूला पंख्यासह बसवलेला पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारा 230 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तो आधी एकदिश करतो. त्या वेळी आतल्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे 325 व्होल्ट साठतात. पुढे ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. वारंवारता इतकी वाढवल्यामुळे ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. जुन्या स्टॅबिलायझरमधला मात्र उचलताना हात भरून यायचा. बाहेर पडतात ते 12, 5 आणि 3.3 व्होल्ट. इंटेलने 1995 साली आणलेल्या एटीएक्स मानकानुसार त्यांत पाच टक्क्यांचाच फरक चालतो, म्हणजे 12 व्होल्टची पिवळी वायर 11.4 च्या खाली जाता कामा नये. भिंतीतला दाब 200 वर आला, तरी ट्रान्झिस्टर थोडा अधिक काळ जोडलेला ठेवून एसएमपीएस ही कसर भरून काढतो.

शिवाय प्रोसेसरची चाल ठरते ती मदरबोर्डवरच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यांवरून. व्होल्टेज अपुरे पडले, तर आतले ट्रान्झिस्टर पुढचा ठोका पडण्यापूर्वी आपली स्थिती बदलू शकत नाहीत, शून्याच्या जागी एक वाचला जातो आणि यंत्र गोठते किंवा आपोआप रीस्टार्ट होते. पंख्यासारखे ते हळूहळू मंदावत नाही, ते चुकते.

आमच्याकडे झाले तेही असेच. आधी आठवडाभर यंत्र मध्येच बंद पडायचे, मग एका दुपारी बटण दाबल्यावर पंखा जेमतेम अर्धा फेरा घेऊन थांबला. सगळे दाब स्थिरावले की एसएमपीएस मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ हा संकेत देतो, आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागचा हलत नाही. ग्रीन आणि ब्लॅक वायर पेपरक्लिपने जोडून केली जाणारी चाचणी मी करून पाहिली (24 पिनांचा प्लग मदरबोर्डवरून काढल्यावरच ती करायची). पंखा फिरला, मीटरने 12.1 व्होल्ट दाखवले आणि मी फसलो. ही चाचणी जवळजवळ बिनभाराची असते. प्रोसेसर आणि डिस्क प्रवाह ओढू लागल्यावर काय होते, ते तीत कळत नाही. अशा वेळी चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

अशा डब्यात बहुधा दगावतात ते कपॅसिटर. त्यांच्यातला द्रव उष्णतेने सुकत जातो. तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, आणि धुळीने कोंदलेला पंखा हे काम आणखी सोपे करतो. तरीही डबा उघडून दुरुस्तीच्या फंदात पडू नये, कारण ते 325 व्होल्ट प्लग काढल्यानंतरही काही काळ आत टिकून असतात. नवा घेताना वरच्या मोठ्या वॅट आकड्यापेक्षा लेबलवर 12 व्होल्टसमोर लिहिलेले अँपिअर पाहावेत. 12 व्होल्ट आणि 30 अँपिअर म्हणजे 360 वॅट, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती यंत्राला तेवढे पुरून उरतात. बसवताना मागचे चार स्क्रू कोणीही लावतो. विसरतो तो प्रोसेसरशेजारचा चार पिनांचा छोटा प्लग. मीही विसरलो होतो, आणि पंखे फिरत असताना काळ्या स्क्रीनकडे दहा मिनिटे बघत बसलो.

संगणक सुरू झाला, पण डेस्कटॉप दिसून माउस हलेपर्यंत तीन मिनिटे गेली, अगदी पूर्वीसारखीच. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर 10 टक्क्यांवर आणि डिस्क सलग 100 टक्क्यांवर! मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे ती वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी त्याच्या निम्मा वेळ, आणि हेड योग्य वर्तुळावर सरकवण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फायली असल्या तर सेकंदाला 75 ते 80 वाचने, आणि विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचने मागते. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम साधारण 0.1 मिलिसेकंदात होते.

जुन्या एसएमपीएसचा अपराध इथे थोडासा सापडला. तो मधेच दगा देत असताना डिस्कची वीज लिहिता लिहिता जायची, आणि अशा वेळी अर्धवट लिहिलेला सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) पुढे धड वाचता येत नाही. डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचत राहते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, त्या ‘स्मार्ट’ अहवालात असे ‘पेंडिंग’ (धड वाचता न येणारे) सेक्टर दिसले, म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतली आणि मगच एसएसडीवर विंडोज नव्याने टाकले. आता डेस्कटॉप अर्ध्या मिनिटात येतो.

ब्राउझरमध्ये वीसेक टॅब उघडले की संगणक अजून अडखळतो, कारण 4 जीबी रॅम भरली की विंडोज उरलेले डिस्कवर ठेवू लागते. आणखी 4 जीबीची पट्टी आणली, पण ती डीडीआर4 या पुढच्या पिढीच्या रॅमची निघाली. मदरबोर्ड डीडीआर3 चा आहे आणि दोन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी बदलून आणण्यासाठी दुकानात पुन्हा एक फेरी झाली.